"कसा वाटला सिनेमा?"

देवास संस्थानात तंबूत मूकपट लागला होता, एका कादंबरीवरून काढलेला. त्यातल्या राज्यात राजाविरुद्ध बोलायची बंदी होती. आमच्या गल्लीतले एक दरबारी कारकून रोज यायचे आणि बाहेर पडणाऱ्यांना टोपी सारखी करत हळूच विचारायचे, "कसा वाटला, भिया?" हे खबरे असावेत, असं वाटून लोक "चांगला आहे" म्हणत सटकायचे.

एकदा आम्ही बाहेर पडताना माझे थोरले बंधू त्यांना बोलून गेले, "आपल्याकडं तरी काय निराळं आहे?"

मागे उभा शिपाई गरजला, "कौन बोला?"



"मैं बोला," कारकून म्हणाले.

शिपाई त्यांना चौकीवर घेऊन गेला. काही दिवसांनी ते सुटले. आम्ही दोघे भेटायला गेलो, तेव्हा काही बोलण्याआधी त्यांनी आतून कडी घातली आणि हळूच विचारलं, "आता सांगा, कसा वाटला सिनेमा?"