अनुमोदन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही. तुला सांगतेय — तोंड वाकडं करायचं असेल तर आत्ताच करून घे.

लालबागला आमच्या चाळीत महिला मंडळ होतं, मी त्याची चिटणीस. नवी अध्यक्ष बसवायची रीत ठरलेली. एकीनं नाव सुचवायचं, दुसरीनं अनुमोदन द्यायचं, मग जुन्या अध्यक्ष आक्का नवीची ओटी भरून पितळी घंटा तिच्या हातात देणार. त्या वर्षी नाव ताराचं होतं. शेजारच्या खोलीतली, माझी जिवाभावाची. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात आठ दिवस तुरुंगात राहून आलेली. अनुमोदन माझं. फळ्यावर खडूनं तसं लिहिलंसुद्धा होतं.

नाव सुचवलं गेलं. सगळ्या माझ्याकडे वळल्या. आणि मी — बसून राहिले.

दुसरी कुणी का उठली नाही? जिची मैत्रीणच गप्प, तिच्यात काहीतरी असणार, म्हणून. तुरुंगात राहून आलेली बाई — कुजबुज आधीपासून होतीच. आक्कांनी दोनदा विचारलं. मी गळ्याला हात लावून मान हलवली. आदल्या दिवशी मोर्चात घोषणा दिल्या होत्या, आक्कांना वाटलं, घसा बसला हिचा.

खोटं. घसा ठणठणीत होता. मला ती खुर्ची हवी होती. मोर्चांना मीही गेले, सतरंज्या मीही उचलल्या — आणि मान तिला एकटीला? जळले मी. सरळ सांगते.

ताराचं नाव पडलं. कुणीतरी म्हणालं, मग चिटणीसबाईच होऊ देत. अनुमोदनाला चौघी उठल्या. माझी ओटी भरली. भाषणही टळलं — घसा ना!

नऊ वर्षं ती घंटा माझ्याकडे होती. मंडळ चांगलं चालवलं मी, विचार कुणालाही. शरमेनं मान खाली घालून फिरले, असं काही सांगणार नाही. ताराला मात्र हळदीकुंकवाला बोलावताना बायका अडखळायला लागल्या. ते माझं काम.

निवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात. हातात ज्येष्ठमधाची काडी.

"चघळ गो, बरं वाटेल," म्हणाली. "आक्कांना सांगून आलेय मी, की हिला बोलता आलं असतं, तर हीच पहिली उठली असती."

तिच्यासमोर उभी राहून मी ती काडी चघळली. गोड लागली.