किल्ली कुणी फिरवली

गाडी गॅरेजसमोर थांबली की मिस्त्री आधी हात पुढे करायचा. “किल्ली द्या.” किल्ली खिशात पडल्याशिवाय तो बॉनेटला हात लावत नसे. एकदा फौजदारानेही निमूट काढून दिली होती. त्या पुढे केलेल्या हाताला दोन बोटं कमी होती.

गॅरेज पाथरीच्या स्टँडला लागूनच. तिथे माझीही जीप उभी असायची. ती बोटं गेली तेव्हा मी तिथेच होतो. मिस्त्री एका जीपमालकाच्या इंजिनातला डिझेलच्या दाबाचा सेन्सर काढत होता. तो ढिला झाला होता, आणि मालकाला घाई. “बघू, लागती का,” म्हणत त्याने स्टार्टर मारला. सुईसारखी धार मिस्त्रीच्या बोटांत घुसली. वरून टाचणीएवढी भोकं, आत सगळं डिझेल. परभणीला बोटं काढावी लागली.

मालक गावभर सांगत सुटला, “मिस्त्रीनंच घाई केली.” आम्ही खरं सांगायचो, पण मालकाचा आवाज मोठा. मिस्त्री भांडला नाही. “येईल की इकडंच,” एवढंच म्हणायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचा राग निवत नाही, नुसता गप्प बसतो.

आणि एक दिवस वालूरला निघालेली ती जीप स्टँडवरच बंद पडली. आत मालकाची म्हातारी आई होती. मिस्त्रीने किल्ली घेतली, दाब उतरू दिला आणि तोच सेन्सर काढला. खराब झाला होता. नवा आणून त्याने शर्टाच्या खिशात घातला आणि स्टुलावर बसला.

“बसवा की मिस्त्री.”

“त्या दिवशी किल्ली कुणी फिरवली, ते सांगा. सगळ्यायसमोर. मग बसवतो.”

मालक आधी हसला, मग चिडला, मग दोन-चार फोन केले. मिस्त्री सावकाश चहा पीत राहिला. ऊन चढलं. शेवटी मालक पुटपुटला, “मीच फिरवली.”

“ऐकू न्हाई आलं.”

“मीच फिरवली म्हणलं ना.”

“तू तर घरी येगळंच सांगितलं होतंस.” आई खाली उतरली होती. तिने मिस्त्रीचा हात बघितला, पदर सारखा केला आणि लेकाकडे न बघता एसटीकडे चालू लागली. मालक “आई, आई” करत मागे गेला. तिने वळून पाहिलं नाही.

मिस्त्रीने नवा सेन्सर नीट बसवला.

“बरं वाटलं का?” मी विचारलं.

“लय.” पाना पुसत तो म्हणाला, “म्हातारी गाडीत हाय, मला म्हाईत होतं.”

मिस्त्री आता नाही. त्याचं नाव निघालं की मला त्या दुपारचा तो दिसतो. हात धुऊन, गॅरेजच्या पत्र्याच्या सावलीत बसून, भाकरीचा एकेक घास चवीनं खाणारा.