तिच्यासमोर न खाल्लेलं

लग्नानंतरचे पहिले आठ महिने आम्ही दोघं नंदनवन वस्तीतल्या दोन खोल्यांत एकत्र राहिलो. मग बायकोची सरकारी नोकरीची ऑर्डर आली. ती परिचारिका आहे. गडचिरोली जिल्ह्यातलं एक आडबाजूचं गाव आणि तिथलं आरोग्य उपकेंद्र. या नोकरीसाठी तिने कितीतरी परीक्षा दिल्या होत्या, त्यामुळे 'जाऊ नको' म्हणायचा प्रश्नच नव्हता. तिची बॅग मीच भरली. वर्षभरात बदली होऊन जाईल, असं आम्ही एकमेकांना सांगत राहिलो. त्याला आता पाच वर्षं होत आली.

मी कळमन्याच्या धान्य बाजारात एका अडत्याकडे कामाला आहे. शेतकऱ्यांचा माल उतरवून घ्यायचा, दाणा बघायचा, काट्यावर पोती चढवून वजन करून घ्यायचं. दिवस धुळीत आणि आरडाओरड्यात जातो, पण कामात मन लागतं. अवघड होती ती संध्याकाळ. तिच्या गावात मोबाइलला रेंज फक्त शाळेमागच्या टेकाडावर मिळते. सात वाजता ती तिथे चढून मला फोन करायची. फोन लागला तर मी बोलता बोलता खिचडी टाकायचो. नाही लागला की चपला घालून बाहेर पडायचो.

चौकातल्या ठेल्यावर आधी समोसे, त्यावर झणझणीत रश्शाची तर्री. पुढच्या दुकानात जिलेबी. परतताना बेकरीतून टोस्टचा पुडा, तोही घरी येईपर्यंत अर्धा संपलेला असायचा. भूक म्हणावी तर पहिल्या दोन समोशांतच भागायची. पण ठेलेवाला विचारायचा, "और क्या दूं, भैया?" दिवसभरात कुणी माझ्यासाठी म्हणून विचारलेला तेवढाच प्रश्न असायचा, आणि मला नाही म्हणवत नसे.

ती दर पंधरा दिवसांनी यायची. शनिवारी दुपारी पोचायची आणि रविवारी तीनच्या गाडीने परत जायची. अशा एका रविवारी मी तिला गाडीत बसवून द्यायला आत चढलो होतो. खिडकीजवळच्या बाईने सरकून जागा केली आणि बायकोला म्हणाली, "ताई, तुमच्या काकाजींले बसू द्या इथं, दम लागला त्याईले."

बायको हसली. "काकाजी नाही, नवरा आहे माझा," म्हणाली. बाई ओशाळली, मीही हसलो. तेवढ्यावर ते संपायला हवं होतं. घरी येऊन मी आरशासमोर उभा राहिलो, सुटलेलं पोट बघत. भिंतीवर लग्नानंतरचा फोटो होता, त्यात माझी गळ्याची हाडं दिसत होती. फोटोत ती माझ्याकडे बघत होती. का कुणास ठाऊक, त्या दिवशी माझ्या डोक्यात बसलं की मी परत तसा झालो तर ते दिवसही परत येतील. हे मी तेव्हा असं शब्दांत म्हटलं नव्हतं. पुढे एका डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा कळलं.

सुरुवात चांगलीच झाली. ठेल्यावर जाणं बंद केलं, सकाळी चालायला लागलो. पँट सैल झाली, बाजारात लोक विचारू लागले, "काय गा, काय करून राहिला तू?" ते ऐकायला फार गोड वाटायचं. मग मला त्याचीच चटक लागली. रात्रीचं जेवण सोडलं. पुढे सकाळचंही. मोबाइलवर एक माणूस उपाशी राहण्याचे फायदे सांगायचा, त्याचं मी देवाच्या पोथीसारखं ऐकायचो. आठवड्यातून एक दिवस नुसत्या पाण्यावर राहू लागलो, मग दोन, मग लागोपाठ तीन.

वजन करायला माझ्याजवळ पोत्यांचा काटाच होता. माल यायच्या आधी, सकाळी, मी त्यावर उभा राहायचो. हमाल गंमत करायचे. "साहेब, आज पोतं किती भरलं?" मी पण हसून सांगायचो. आकडे इथे लिहीत नाही, कारण लिहिले की अजूनही ते दिवसभर डोक्यात फिरतात. आकडा कमी दिसला तर दिवस चांगला, तेवढाच दिसला तर दिवसभर कुणाशी धड बोलत नसे. एकदा सावनेरहून आलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यावर मी विनाकारण खेकसलो. त्याने फक्त एवढंच विचारलं होतं, "जेवले का?"

काही दिवसांनी हमालांनी गंमत करणं बंद केलं. त्यांच्यातला सगळ्यात वयस्क एक दिवस काट्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "डोळे आत गेले तुमचे. बरं नाही का?"

"डाएट आहे," मी म्हणालो.

आपल्या डब्यातली अर्धी भाकर मोडून त्याने माझ्यापुढे धरली. मी ती घेतली नाही.

जी गोष्ट त्याला माहीत नव्हती ती अशी. तीन दिवस कळ काढली की चौथ्या दिवशी माझा बांध फुटायचा. दुपारी काहीतरी निमित्त काढून मी घरी यायचो, दार लावायचो आणि जे असेल ते खायचो. ब्रेड, साखर, कच्चे शेंगदाणे, लोणचं. चव लागत नसे. पोट दुखायला लागलं की थांबायचो, मग स्वतःला शिव्या द्यायचो आणि दुसऱ्या दिवसापासून आणखी कडक उपास धरायचो. सात वाजता ती फोनवर विचारायची, "जेवले?" मी म्हणायचो, "हो वं, जेवलो." दोन्ही प्रकारच्या दिवशी उत्तर हेच असायचं.

मला सगळ्यात जास्त डसतं ते तिच्या शनिवारांचं. ती पहाटे उठून स्वयंपाक करायची, पाच-सहा तास गाडीत डबा मांडीवर धरून बसायची. लाखोळीच्या डाळीचे वडे, जवसाची चटणी, कधी भरलेली वांगी. आधी आम्ही एकाच ताटात जेवायचो. आता मी म्हणू लागलो, "आज माझा उपास आहे." दुसऱ्या वेळी, "सकाळी जास्त झालं." तिसऱ्या वेळी, "तू जेव, मी नंतर घेतो." ती माझ्यासमोर एकटी जेवायची. एकदा वडा मोडता मोडता तिने विचारलं, "मीठ जास्त झालं का यात?"

"मी कुठं खाल्ला? मले काय माहीत," मी म्हणालो.

पुढच्या वेळेपासून डबा लहान झाला. मला आठवतं, मला तेव्हा बरं वाटलं होतं. आज ते आठवलं की उठून दुसऱ्या खोलीत जावंसं वाटतं.

हे सगळं उघडं पडलं तो रविवार पावसाळा संपतानाचा होता. अंगावर चटका बसेल असं ऊन होतं. तिला बसस्टँडवर सोडून मी सव्वादोनला घरी आलो. शनिवारपासून मी काही खाल्लं नव्हतं. ओट्यावर तिने डबा ठेवला होता. "खराब होईन, शेजारी देऊन द्या," असं जाताना म्हणाली होती. मी झाकण उघडलं. तेलाचा आणि लसणाचा वास आला आणि मी जमिनीवरच बसलो. डबा मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी खायला लागलो. वडे गार होते. एक संपायच्या आत दुसरा तोंडात कोंबत होतो. फोन बाहेरच्या खोलीत वाजत होता, तो मी ऐकला आणि उठलो नाही.

दार नुसतं लोटलेलं होतं. ती केव्हा आत आली ते मला कळलं नाही. उपकेंद्रातल्या औषधांच्या कपाटाची किल्ली ती खिडकीत विसरली होती. फोन उचलेना म्हणून ऑटो करून परत आली होती. मी वर बघितलं तर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, खांद्याला बॅग तशीच.

माझं तोंड भरलेलं होतं. गिळता येईना, थुंकता येईना.

"अहो," ती म्हणाली, "माझ्यासमोर काहून नाही खाल्लं?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. मी रडायला लागलो, तोंडात घास तसाच. ती खाली बसली, आपल्या हाताने माझ्या मांडीवरचा डबा उचलून बाजूला ठेवला, पाणी दिलं. मग सवयीने माझं मनगट धरून नाडी बघायला लागली. डोळ्यांची पापणी खाली ओढून बघितली.

"किती दिवसापासून चालू आहे हे?"

मी सांगितलं. काट्याचं, तीन दिवसांच्या उपासाचं, बंद दारामागच्या खाण्याचं, फोनवरच्या खोट्याचं. गाडीतल्या त्या बाईचंही सांगितलं. ती भिंतीला टेकून ऐकत राहिली. मध्येच तिचे डोळे भरून आले.

"मले वाटून राहिलं होतं का तुम्हाले आता मी नको," ती म्हणाली. "तीन महिन्यांपासून हेच वाटून राहिलं. गाडीत बसली का रडू येत होतं मले. डबा भरताना हात थांबत होता. वाटे, कोणासाठी करून राहिली मी हे?"

"तसं नाही वं. मी तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी?" आता तिचा आवाज चढला. "मी तिकडं रोज लेकरायचं वजन करून राहिली. पाव किलो वाढलं तरी त्याईच्या माया हासतात, सांगत फिरतात गावभर. अन् इकडं माझा नवरा घटून राहिला, लपून खाऊन राहिला, अन् मले म्हणते तुझ्यासाठी!"

तीनची गाडी गेली. तिने तिकडच्या सहकारी बाईला फोन करून दोन दिवसांची रजा सांगितली. किल्ली एका ओळखीच्या कंडक्टरच्या हाती पाठवायची सोय केली. संध्याकाळी तिने मऊ भात आणि वरण केलं. मी चार घास खाल्ले. तिने आणखी घ्या असं म्हटलं नाही.

सोमवारी ती मला सरकारी दवाखान्याच्या मनोविकार विभागात घेऊन गेली. रांग मोठी होती. ओळखीचं कुणी दिसेल म्हणून मी रुमाल तोंडावर धरून बसलो होतो, तो तिने काढून घेतला. "वेड लागलं नाही तुम्हाले. आजार आहे," म्हणाली. डॉक्टर तरुण होत्या, माझ्यापेक्षा लहानच असाव्यात. त्यांनी बरंच विचारलं, झोपेचं, चिडचिडीचं, जगायचा कंटाळा येतो का याचं. मग विचारलं, "पोटभर आणि न घाबरता शेवटचं कधी जेवलात, आठवतं?"

मी आठवून बघितलं. "ही नोकरीवर जायच्या आदल्या दिवशी. गोळाभात होता. दोघंच होतो," मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे वळून बघितलं. डॉक्टरांनी लिहायचं थांबवलं. "म्हणजे तुम्हाला नुसतं वजन कमी करायचं नव्हतं," त्या म्हणाल्या. एवढंच.

गोळ्या सुरू झाल्या. दर पंधरा दिवसांनी समुपदेशक बाईंकडे जायचं, तीन वेळा ठरल्या वेळी जेवायचं, भूक असो नसो, आणि काट्यावर चढायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात कठीण गेलं. मी स्वतःच बाजारात त्या वयस्क हमालाला सांगितलं की मला सकाळी काट्याजवळ येऊ देऊ नका. त्याने का म्हणून विचारलं नाही. कितीतरी दिवस तो सकाळी काट्यावरच बसून तंबाखू मळायचा, मी दिसलो की मान हलवायचा.

मी सरळ रेषेत बरा झालो नाही. दोन-तीनदा परत बंद दारामागे खाल्लं, एकदा दोन दिवस उपाशी राहिलो. फरक एवढाच की प्रत्येक वेळी तिला फोनवर खरं सांगितलं. ती म्हणायची, "बरं. उद्या सकाळी काय खाणार?" वजन वाढलं. फोटोतल्यासारखा मी राहिलो नाही आणि होणारही नाही.

आता सात वाजता ती टेकाडावर आपलं ताट घेऊन जाते. मी इकडे माझं वाढून घेतो. तिथल्या दगडावर ती बसते, फोन गुडघ्यावर ठेवते. काय केलं, कसं झालं, कोणाच्या घरी बाळ झालं, असं बोलत दोघं जेवतो. रेंज गेली की ताटात उरलेलं मला एकट्याने संपवायचं असतं. ते अजूनही जड जातं. बाजारात काम करताना कधी कधी तिच्या चावण्याचा आवाज आठवतो आणि ती तिथे माझ्याजवळ असावी असं इतकं वाटतं की पोत्यांची मोजणी चुकते.

बदलीचा अर्ज दोनदा परत आला. तिसरा दिला आहे.

परवाच्या शनिवारी ती आली, आम्ही जेवलो आणि ती तिथेच चटईवर झोपून गेली. प्रवासाने थकलेली होती. मी भांडी घासून आलो, तिच्या पायांशी बसलो. तिच्या टाचा फुटल्या आहेत. तिकडे किती चालावं लागतं ते मला माहीत नव्हतं, मी कधी विचारलंही नव्हतं. संध्याकाळी तिला विचारलं तेव्हा तिने एकेका पाड्याचं अंतर सांगितलं आणि मी ऐकत राहिलो.

रविवारी तिला गाडीत बसवून घरी आलो. तिच्या जाण्यानंतरच्या दोन-तीन तासांचं काय करायचं ते कुठल्याच गोळीत नाही. मी दार उघडं ठेवून उंबऱ्यावर बसलो. शेजारच्यांच्या घरात फोडणी बसली, मुलं खेळून परतली. मला तिची आठवण येत होती, आणि भूकही लागली होती. सहा वाजता उठलो आणि एका माणसापुरते तांदूळ धुवायला घेतले.