येते म्हणू नकोस

जेवणाची ताटं घासून झालीत आणि हेमलता स्वयंपाकघरातल्या गार फरशीवर हाताची उशी करून पडलीय. झोपायचं नाहीये तिला. आज झोपून चालणारच नाही. पण रात्रभर डोळ्याला डोळा नाही, आणि झोप मेली अशी, की नको तेव्हाच दबा धरून येते. दुपारचं ऊन खिडकीतून ओट्यावर पडलंय, ते पांढरं होत होत विरघळायला लागलंय.

पुढच्या दाराला बाहेरून कुलूप आहे. दुकानाला जाताना दिगंबर रोज घालतो. चावी त्याच्या खिशात, बायकोचा मोबाईलही त्याच्याच खिशात. गल्लीतल्या बायका म्हणतात, "किती जपतो हो हेमाला!" जपतो तर! कुलपात ठेवून जपतो.

मागच्या दाराला नुसती आतून कडी आहे. पण ती अशी गंजलीय, की हात लावला तरी सगळ्या बोळात ओरडते. आणि बोळात, दारासमोरच, सोजरबाई दिवसभर काहीतरी निवडत बसलेली असते. बाई बोलायला गोड. भंगारवाल्यालासुद्धा "ये बरं का" म्हटल्याशिवाय जाऊ देत नाही. पण मागे एकदा हेमा त्या दारात घटकाभर वाऱ्याला उभी राहिली होती, आणि संध्याकाळी दिगंबरनं चपला काढता काढता विचारलं होतं, "मागच्या दारात कुणाची वाट बघत होतीस?" पुढं काय झालं ते तिच्या डाव्या मनगटाला विचारा. तेव्हापासून हेमा सोजरबाईच्या सावलीलाही भिते.

आणि उद्या वेल्डर येणार आहे. मागच्या दाराला बाहेरून लोखंडी जाळी बसणार. सकाळीच दिगंबर दाराचं माप घेऊन गेलाय, गुणगुणत. म्हणजे लातूरला थोरल्या बहिणीकडं पोचायचं तर आजच. नाहीतर राहा मग जन्मभर.

कापराचा वास येतो. कापूर घातलेलं तेल. हा वास हिच्या ओळखीचा आहे, आत्याबाई गुडघ्यांना चोळायच्या तो. हेमा डोळे उघडते, का उघडत नाही, कोण जाणे. मागच्या दाराशी पाट टाकून तिची सासू बसलीय. वारून वर्ष होत आलं, पण बसलीय.

हेमा अंग चोरते. जिवंतपणीच काय कमी भ्यायची ती म्हातारीला!

"आत्याबाई, तुम्ही?"

"मग कोण? तूच म्हणालीस ना, येते म्हणा. आले."

खरंच की. शेवटच्या दिवशी म्हातारी खाटेवरनं म्हणाली होती, "जाते गं हेमे." आणि हिनं तोंडाला पदर लावला होता. "असं अभद्र बोलू नये, आत्याबाई. येते म्हणावं." आपल्याकडं बाजाराला निघालेली बाईसुद्धा जाते म्हणत नाही, मग मरणाऱ्या माणसानं कसं म्हणावं? म्हातारीनं जन्मात पहिल्यांदा सुनेचं ऐकलं. "बरं, येते," म्हणाली आणि डोळे मिटले.

"ऊठ," आत्याबाई म्हणते. "चल."

हेमा जागची हलत नाही. मेलेलं माणूस स्वप्नात चल म्हणालं तर जाऊ नये, हे तिला आईनं लहानपणीच सांगितलंय. "मला नाही यायचं तुमच्यासोबत."

"माझ्यासोबत कोण ये म्हणतंय तुला? तिथं तरी मला सुखानं राहू दे. दार उघडं आहे, नीघ."

दार खरंच उघडं आहे. हेमा उंबऱ्यावर पाय ठेवते, आणि सवयच ती, मागं वळून म्हणते, "येते हं, आत्याबाई."

उंबऱ्यापलीकडं बोळ नाहीच. एसटी स्टँड आहे. फलाटावर रांग आहे, सगळे पाठमोरे, आणि सगळ्यांच्या अंगात दिगंबरचा तोच इस्त्रीचा चौकटीचा शर्ट. कुणी हलत नाही. कंडक्टर मान न वळवता विचारतो, "कुठं निघालीस?" आवाजही तोच. लातूर म्हणायचंय तिला. जिभेच्या टोकावर आहे लातूर. पण तोंडातून निघतं, "कुठं नाही, इथंच. येते लगेच."

की ती पुन्हा फरशीवर. घासलेली ताटं पुन्हा खरकटी.

"अगं भवाने!" आत्याबाई कपाळावर हात मारून घेते. "येते काय म्हणतेस? येते म्हटलं की यावं लागतं!"

ओट्याच्या जागी चूल पेटलीय. धुरात एक कोवळी पोर उभी आहे, काखेत मूल, ओठ फुटलेला. ती उंबऱ्यातून कुणाला तरी म्हणते, "येते, सासूबाई."

"ही कोण?" हेमा विचारते.

"मी. काखेत तुझा नवरा. कायमची निघाले होते. पण सवयीनं येते म्हटलं, आणि तो शब्द वेशीपर्यंत माझ्या मागं आला. दिवेलागणीला परत चुलीपुढं." आत्याबाई गुडघा चोळते. "मग पुढं दुसऱ्या कुणी दाराकडं बघितलं, तरी माझ्या पोटात आग पडायची. मी गेले नाही, तर ही कशी जाईल? मागच्या दाराचं दिगूला मीच सांगितलं होतं. सोजरनं नाही."

हेमाचं मनगट ठणकतं. इतकी वर्षं ती भलत्याच बाईला भ्यायली.

"तुमचं तोंड जळो, आत्याबाई!"

"जळलं की. तुम्हीच जाळलंत." म्हातारी हसत नाही. "सोजरला कळलं तेव्हापासून तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. माझ्या मयतीला तरी आली का ती?"

नव्हती आली. सगळी गल्ली आली होती, सोजरबाई नाही. हेमानं तेव्हा बाईला दगड म्हटलं होतं मनात.

बाहेर स्कूटर थांबते. पुढच्या कुलपात चावी फिरतेय, फिरतेय, संपतच नाही फिरायची.

"म्हण आता," आत्याबाई घाई करते. ती तळहातावर तेल घेऊन दाराच्या कडीला चोळतेय, गुडघ्याला चोळायची तसंच. "किती आखडलीस गं बाई," हे कडीला. आणि सुनेला, "म्हण. जाते म्हण!"

जीभ टाळ्याला चिकटलीय. जाते म्हणजे मरणं. जाते म्हणजे पांढरं पांघरूण. पुढचं दार उघडतं. चपलांचा आवाज ओटीवर येतो, माजघरात येतो.

"हेमे, म्हण!"

ती दचकून उठते.

घर गप्प आहे. ओट्यावर ऊन तसंच आहे. माजघरात कुणी नाही, पुढचं दार बंद आहे, कुलूप बाहेरच आहे. ताटं घासलेली आहेत, हे ती दोनदा बघते.

मग वास येतो. हेमा मागच्या दाराकडं जाते आणि कडीला बोट लावते. बोट तेलकट होतं. नाकाशी नेते. कापूर. ती तेलाची बाटली तर तेराव्यानंतर हिनं स्वतःच्या हातानं टाकून दिली होती.

ती कडी ओढते. कडी सरकते, चकार शब्द न काढता.

समोर सोजरबाई शेंगा फोडत बसलीय. मान वर करून बघते. स्वप्नावर काय भरवसा? म्हातारी जिवंतपणी कधी खरं बोलली होती? पण आता दार उघडलंय, आणि बाईनं बघितलंय.

"सोजरमावशी," ती कशीबशी म्हणते, "मी..."

सोजरबाईची नजर तिच्या पायांवर जाते. अनवाणी. चपला पुढच्या दाराबाहेर, कुलपापलीकडं. बाई शेंगांचं सूप बाजूला ठेवते, उठते आणि आपल्या पायातल्या चपला काढून तिच्यापुढं सरकवते.

"पुढच्या रस्त्यानं नको जाऊ, त्याचं दुकान लागतं. माझ्या घरातनं पलीकडं नीघ. तिथं माझा दीर रिक्षा लावून बसलाय. म्हणावं, वहिनीनं सांगितलंय, स्टँडवर सोड." मग आवाज खाली घेऊन, "केव्हाची या दाराची वाट बघतेय पोरी. आतल्या माणसालाच उघडता येत होतं ते."

हेमाला रडू फुटतं. भीतीनं नाही, किंवा भीतीनंही. ती चपला घालते, ढगळ होतात. मग उंबऱ्यात वळून रिकाम्या स्वयंपाकघराकडं बघते. माजघरातून कुणी येईल असं अजून वाटतंय तिला.

"जाते, आत्याबाई," ती म्हणते.

सोजरबाई तिला आपल्या घरातून पलीकडच्या दारापर्यंत नेते, बाहेर डोकावून बघते आणि बाजूला होते. निरोपाचं ओठांवर आलेलं ती गिळते, स्पष्ट दिसतं ते.

"जा," ती म्हणते. "ये म्हणत नाही तुला."