वहाणा जिन्याखाली

जिना चढून वर आल्या की दाराशी टाकलेल्या गोणपाटावर त्या आधी उजवा पाय पुसायच्या, मग डावा आणि मग पुन्हा उजवा. एकदा पुसलेला पाय पुन्हा कशाला, असं मी विचारलं होतं. "डावा पुसताना उजवा गोणपाटावरच असतो ना," त्या म्हणाल्या.

त्यांना शाळेत सगळ्या जणी शिवणबाईच म्हणत. नाशकातली मुलींची ती एक लहानशी शाळा, एकोणीसशे तीसनंतरची वर्षं. मी ट्रेनिंग कॉलेजातून नुकतीच बाहेर पडले होते. शाळा भाड्याच्या जुन्या घरात भरायची. खाली वर्ग, आणि वर माडीवर सागवानी फळ्यांची एक लांबलचक खोली. तो शिवणाचा वर्ग.

बाई अनवाणी यायच्या. आज हे वाचताना तुम्हाला नवल वाटेल, पण तेव्हा नवल वहाणा घालणारीचं होतं. मी घालायची, आणि सराफ बाजारातून जाताना दुकानांच्या ओट्यांवरची बोलणी ऐकायची. शिवणबाई तर लहान वयात विधवा झालेल्या. त्यांच्या पायांत काही नाही यात कुणाला वावगं दिसलं नाही. भर चैत्रात दुपारी दगडी रस्ता तापलेला असायचा. मी विचारायची, "भाजत नाही का हो?" त्या म्हणायच्या, "पाय धुतले की झालं." थंडीत भेगा पडल्या तरी हेच उत्तर, चिखलात पाय बरबटले तरी हेच.

उंच, सडपातळ बांधा, डोक्यावरून घट्ट पदर, गळ्यात मोजायची टेप. आवाज मोठा, अगदी खालच्या वर्गांपर्यंत पोचणारा. मुलींना त्यांची एक शिस्त होती. कुणी मान खाली घालून पुटपुटली की हनुवटी वर करायच्या आणि सांगायच्या, "बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघावं." पुढंपुढं त्या मुली घरी आजोबांनाही हेच सांगू लागल्या, आणि एका आजोबांनी शाळेत येऊन तक्रार केली.

मुलींना त्यांचा धाक होता तो वेगळ्याच कारणानं. बाई वर्गाकडं पाठ करून टेबलावर कापड बेतत असायच्या. मागच्या रांगेतली एखादी हळूच उठली की कात्री न थांबवता म्हणायच्या, "गोदे, बस खाली." आणि उठलेली गोदीच असायची. बाईंच्या पदराखाली तिसरा डोळा आहे, असं लहान मुली एकमेकींना सांगत.

मग काही वर्षांनी पुण्याकडून नव्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. चष्मा, टाचेचे बूट, बोलणं मोजकं. कडक होत्या, पण खोट्या नव्हत्या. त्या येऊन थोडेच दिवस झाले होते, तेवढ्यात शिवणाच्या वर्गात एका मुलीच्या तळव्यात मोडकी सुई गेली. डॉक्टरांनी ती काढली, पण पाय सुजला आणि मुलीचे वडील शाळेत येऊन बरंच बोलून गेले.

मोठ्या बाईंनी आम्हा सगळ्यांना खोलीत बोलावलं. "सोमवारपासून शाळेत अनवाणी यायचं नाही. मुली जमेल तशा घालतील. शिकवणाऱ्या बाईंनी आधी."

"मी रोज पाय धुऊन येते," शिवणबाई म्हणाल्या.

"प्रश्न धुण्याचा नाही. सुया तुमच्या वर्गात आहेत. तुम्हीच अनवाणी राहिलात तर मी मुलींना काय सांगू?"

मोठ्या बाईंचं म्हणणं बरोबर होतं.

सोमवारी त्या भद्रकालीच्या बाजारातून घेतलेल्या कोऱ्या वहाणा घालून आल्या. नदीच्या पाण्यातून चालावं तशा पाय उचलून चालत होत्या. आम्ही थोडी थट्टाही केली. त्या हसल्या, पण चेहरा उतरलेला होता.

दुपारी काही कामानं मी माडीवर गेले. बाई नेहमीसारख्या पाठमोऱ्या उभ्या राहून कापड बेतत होत्या. मागं दोन मुली दोऱ्याच्या रिळावरून एकमेकींच्या वेण्या ओढत होत्या, आणखी चार जणी त्यांना सोडवत होत्या, कुणी हसत होतं, कुणी रडत होतं. बाईंना पत्ता नव्हता. मी हाक मारली. पुन्हा मारली. एवढ्यात गलका ऐकून मोठ्या बाई माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांनीही हाका मारल्या, शेवटची तर चांगलीच मोठ्यानं. मुली चिडीचूप झाल्या. बाईंची कात्री चालूच राहिली.

मोठ्या बाईंचा चेहरा लाल झाला. वहाणांचा राग असा काढला जातोय, असंच त्यांना वाटलं असणार. "त्यांना खाली पाठवून द्या," एवढं मला सांगून त्या निघून गेल्या.

मी पुढं जाऊन टेबलाशी उभी राहिले. बाई एवढ्या दचकल्या की कात्री हातातून सुटली. मी निरोप सांगितला. त्यांनी वळून मुलींचे चेहरे पाहिले आणि काय झालं असेल ते त्यांना कळलं. मुलींना त्यांनी खाली खेळायला पाठवलं, वहाणा काढल्या आणि तळवे फळ्यांवर टेकवून पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

"आता मागं जाऊन चाला."

मी चालले.

"खिडकीकडं गेलात. थांबलात. आता भिंतीच्या कडेनं येताय." त्या वळल्या. "मला ऐकू येत नाही हो. डावा कान लहानपणीच गेला. उजवा आता आता गेला. तोंडाकडे बघून बोलणं कळतं, आणि मागचं या फळ्या सांगतात. प्रत्येक मुलीचं पाऊल निराळं असतं. पायांत कातडं घातलं की सगळं बंद."

मी कात्री उचलून त्यांच्या हातात दिली. एवढी वर्षं आम्ही एका डब्यातलं लोणचं खात होतो आणि मला हे ठाऊक नव्हतं.

"शाळेच्या समितीला कळलं तर मला ठेवणार नाहीत," त्या म्हणाल्या. "घरी आई अंथरुणाला आहे. या नोकरीवर आम्ही दोघी आहोत."

"मी सांगते, तुम्ही कामात गुंग होतात म्हणून."

"आज सांगाल. उद्या त्या पुन्हा हाक मारतील. मीच सांगते. तुम्ही नुसत्या बरोबर या."

मोठ्या बाईंच्या खोलीत त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. रडल्या नाहीत. मोठ्या बाई खुर्चीतून उठल्या. मग खिडकीकडं बघत काहीतरी बोलू लागल्या, मध्येच थांबल्या, तोंड इकडं वळवलं आणि सावकाश म्हणाल्या, "मागं एखादी मुलगी पडली, ओरडली, तर काय कराल?"

"पडली तर मला सगळ्यांच्या आधी कळेल. ओरडली तर कळणार नाही. तेवढं खरं आहे."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. "रोज दोन मुली तुमच्या टेबलाशी बसतील. काही झालं तर तुमचा पदर ओढतील." मग जरा थांबून विचारलं, "वर कापड जमिनीवर अंथरता ना?"

"हो."

"बाहेरच्या वहाणांनी ते मळत असेल."

शिवणबाई त्यांच्या ओठांकडं बघत राहिल्या. त्यांना शब्द कळले होते, पण त्यांतून काय निघतंय ते हळूहळू कळलं. "मळतं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी जिन्याशी सूचना लागली. शिवणाच्या वर्गात कापड अंथरलं जात असल्यानं सर्वांनी पादत्राणं जिन्याखाली काढावीत. रोज वर्ग सुटल्यावर सगळ्या फळ्यांवरून लोहचुंबक फिरवावा. लोहचुंबक मोठ्या बाईंनी स्वतः आणून दिला. तो फिरवायला मिळावा म्हणून मुलींत भांडणं होऊ लागली. सुई मात्र पुन्हा कुणाच्या पायात गेली नाही. समितीला काय सांगायचं आणि काय नाही, हे मोठ्या बाईंनी आपल्यापाशी ठेवलं.

पुढं समितीतले एक गृहस्थ शाळा बघायला आले. जिन्याशी मोठ्या बाई आधी वाकल्या आणि आपल्या बुटांचे पट्टे सोडू लागल्या. गृहस्थांना पायरीवर बसून नाड्या सोडाव्या लागल्या. मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. तो लपवत ते वर चढले. दारात पोचतात तोच शिवणबाईंनी वळून नमस्कार केला. "फार तत्पर बाई आहेत," असं म्हणून ते घाईनं उतरले. मोठ्या बाई त्या दिवशी पहिल्यांदा आमच्यात बसून मोठ्यानं हसल्या.

अशी काही वर्षं चांगली गेली. मग शाळेची स्वतःची इमारत झाली. सगळ्यांनी पेढे वाटले. शिवणाचा वर्ग तळमजल्यावर, हवेशीर, आणि खाली शहाबादी फरशी. शिवणबाई त्या खोलीत एकदा इकडून तिकडं चालून आल्या. "गार लागते," एवढंच म्हणाल्या. त्या फरशीतून त्यांना काहीच कळत नव्हतं. मोठ्या बाईंनी टेबलापाशी लाकडी फळ्या घालून देते म्हणून सांगितलं.

"माझ्या पायाखाली घालाल," शिवणबाई म्हणाल्या. "मुलींच्या पायाखाली कुठून घालणार?"

दिवाळीआधी त्यांनी राजीनामा दिला. आई तोवर गेली होती. सायखेड्याला भाऊ होता, त्याच्याकडं जायचं ठरलं. मी मोटारीपर्यंत पोचवायला गेले. इंजिन सुरू झालं, धुरळा उडाला आणि मी नाकातोंडावर पदर धरून काहीतरी बोलले. त्यांना माझं तोंडच दिसत नव्हतं. खिडकीतून वाकून, साऱ्या उतारूंना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "पत्र लिहा. तेवढं मला नीट ऐकू येतं."

मी लिहीत राहिले. त्यांची उत्तरं यायची. गावातल्या बायका चोळी बेतायला शिकायला येतात, ओट्यावर दाटी होते, असं कळवायच्या. एका कार्डात लिहिलं होतं, "तुमचा आवाज आता आठवत नाही. पण कार्ड आलं की तुम्ही समोर बसून बोलता असं वाटतं."

त्यानंतर का कोण जाणे, मी त्यांना लिहिताना अक्षर मोठं काढू लागले. एका कार्डावर चार ओळी मावेनात, मग दोन कार्डं घालायची. असं सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहिलेलं एक पत्र त्या वारल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी पोचलं, असं त्यांच्या भावानं कळवलं.