घट बसले आणि आठ डोस

माझ्या बोक्याला मधुमेह आहे. सकाळ-संध्याकाळ खाणं झालं की एक इंजेक्शन. नवरात्रात चार दिवस कामासाठी नाशिकला जायचं होतं, म्हणून समोरच्या दारातल्या मैत्रिणीला किल्ली देऊन इंजेक्शनचं सांगितलं. बोरीवलीत या बिल्डिंगमध्ये आम्ही एकाच वर्षी राहायला आलो. तिच्या नवऱ्याला इन्सुलिन रोज तीच टोचते.

"माझा हात बसलाय गं, जा तू बिनधास्त," ती म्हणाली. रोज दोनदा मेसेज यायचा : दिलं.

परतले तर बोका पाण्याच्या वाटीला तोंड लावून पडलेला. वाटी कोरडी, शेजारी उलटी. रिक्षा करून तसाच दवाखान्यात नेला. साखर मशीनच्या आकड्यापलीकडे, रक्तात कीटोन नावाचं आम्ल साठलेलं. डॉक्टर म्हणाल्या, "रोजचं इन्सुलिन आता पुरणार नाही. शॉर्ट ॲक्टिंग द्यावं लागेल. ते झटकन काम करतं, झटकन ओसरतं. म्हणून दाखल करून दर तासाला साखर बघायची. डोस किती चुकले?"

"एकही नाही," मी ठणकावून सांगितलं.

मग त्या कुठे जंतुसंसर्ग झालाय का ते शोधायला लागल्या.

त्याचं अंथरूण न्यायला घरी आले. फ्रिजवरचं सिरिंजचं पाकीट मी ठेवलं तसंच होतं, सील न फोडलेलं. समोरची बेल मारली.

"घट बसलेत ना घरात," ती म्हणाली. "देवीच्या दिवसांत मुक्या जिवाला सुई कशी टोचू? खायला मात्र वेळेवर घातलं हां."

"नवऱ्याला टोचलीस ना?"

"ते माणूस आहेत. त्यांना कळतं कशासाठी ते."

"मग मला 'दिलं' का लिहिलंस?"

"तू तिकडे काळजी करत बसली असतीस."

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. "आठ डोस चुकलेत. सगळे. सगळे." ती ऐकत उभी होती. तिला ऐकू जावं म्हणून 'सगळे' दोनदा म्हटलं.

तिसऱ्या दिवशी बोका स्वतःहून जेवला, मग रोजच्या इन्सुलिनवर आला. ती बिल्डिंगभर सांगत होती, देवीनं वाचवला. दसऱ्याला सोनं द्यायला आली, तेव्हा मी आपट्याची पानं घेतली आणि माझ्या घराची किल्ली परत मागितली.

"एवढ्यावरून?" ती म्हणाली.

"हो," म्हटलं. "एवढ्यावरूनच."