एकोणचाळीस तासांचा हिशेब

तारीख तीन सप्टेंबर, वेळ दुपारी बारा. रक्कम नऊ लाख रुपये. हजर पाच जण: मी, माझा मोठा भाऊ म्हणजे दादा, वहिनी, सरकारी योजनेचे अधिकारी आणि जपानी कंपनीची इंजिनिअर. दादाचा माग मोजला तर सहा.

आमचा कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कापडाचा छोटा कारखाना आहे, तुमसर तालुक्यात. शेडमध्ये पाच हातमाग, आणि शेड व स्वयंपाकघर यांच्या मधल्या खोलीत सहावा, तो दादाचा. मी विणत नाही. सूत आणणे, माल विकणे, कागद सांभाळणे ही माझी कामे. दादा मालक असूनही बाकी विणकरांसारखी दर शनिवारी मजुरी घ्यायचा आणि बसायच्या फळीखालच्या तंबाखूच्या डबीत ठेवायचा. खर्च वहिनीच करायची, पण पैसे आधी डबीत जायचे.

कंपनी कापडाची यंत्रे बनवते. कोशाचा धागा सारखा नसतो, कुठे जाड, कुठे बारीक. यंत्राचा ठोका एकसारखा पडतो आणि धागा तुटतो. विणकराचा हात मात्र धागा पाहून सैल होतो. हा सैलपणा यंत्राला शिकवायचा होता. त्यासाठी त्यांना एकाच चांगल्या विणकराचे चारशे तासांचे काम नोंदवून हवे होते. लहान उद्योगाने परदेशी कंपनीबरोबर असे नवे तंत्र उभे केले तर सरकार पैसे देते. साडेचार लाख आधी, साडेचार लाख चारशे तास भरल्यावर. एकतीस मार्चपर्यंत भरले नाहीत तर पहिले साडेचार लाख परत. शिवाय कंपनी प्रत्येक तासामागे दीडशे रुपये विणकराची मजुरी देणार होती.

नोंद कशी करायची, हा प्रश्न निघाला तेव्हा मीच सुचवले की मोजणीचा डबा फणीच्या चौकटीवर बसवा. प्रत्येक धाग्यानंतर ती चौकट ओढून ठोका मारतात. ठोके मोजले की तास आपोआप मिळतात. सगळ्यांना पटले. डब्याला सील लागले. त्यातले सिमकार्ड नोंदी थेट जपानला पाठवणार होते आणि दर सोमवारी त्यांची प्रत मला मेलवर येणार होती.

करार बावीस पानांचा होता. न वाचता सही करायची मला सवय नाही. मागाजवळ सतरंजी टाकून मी एकेक पान मोठ्याने वाचत होतो. सतराव्या पानावर पोचलो. पहिलाच शब्द वाचला, "मृत्यू".

"भाऊजी!" वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली. "मागासमोर ते वाचू नका."

"अहो, कराराचं पान आहे वहिनी."

"असो. मंग वाचा, आंगणात. भरल्या ताण्यासमोर नाही."

आमच्या घरात ही एक रीत आहे. मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, चढलेला असताना त्याच्यासमोर मरणाची गोष्ट काढायची नाही. विणणारा माणूस मधेच गेला तरी मागाला ते कळू द्यायचे नाही. ताणा उतरेपर्यंत घरातल्या कोणीतरी रोज आडवा धागा नेणारा धोटा न टाकता पाच रिकामे ठोके मारायचे, म्हणजे मागाला वाटते की माणूस आहे.

दादा हसला. म्हणाला, "सोड ना ते पान. मी काय चारशे तासांत मरून राहिलो का?"

अधिकारीही हसले. मी पान उलटले. नंतर अंगणात बसून वाचायचे होते. ते राहिले.

दादा आठ फेब्रुवारीला गेला. सकाळी चहाच्या टपरीवर छातीत दुखले आणि भंडाऱ्याला पोचायच्या आत संपले. नोंद तीनशे एकसष्ट तासांवर थांबली होती. एकोणचाळीस बाकी. पहिले साडेचार लाख शेडच्या नव्या छपरात, सुतात आणि इन्व्हर्टरमध्ये गेले होते. परत द्यायचे म्हटले तर शेडमधले पाचही माग विकावे लागले असते. त्या मागांवर पाच घरे चालतात, आणि आमचे सहावे.

मी कंपनीला कळवले नाही, अधिकाऱ्यांनाही नाही. तेरवी होऊ दे, मग कळवू, असे म्हणालो. तेरवी झाली. मग म्हणालो, सोमवारी. हे मी इथे लिहितो आहे कारण ते खरे आहे. आयुष्यात मी एवढी एकच गोष्ट दाबून ठेवली.

तेरवीनंतरच्या सोमवारी मेल उघडली. आकडा तीनशे एकसष्टवर असायला हवा होता. तो तीनशे चौसष्ट तास वीस मिनिटे होता.

वहिनी रोज पाच रिकामे ठोके मारते हे मला माहीत होते. पण पाच ठोक्यांना अर्धे मिनिटही लागत नाही. डबा बिघडला असेल म्हणून मी इंजिनिअरला फोन लावला. ती दिल्लीत राहून हिंदी शिकलेली होती.

"नहीं जी, बॉक्स बिल्कुल ठीक है," ती म्हणाली. "भाईसाहब थोड़ा धीरे चला रहे हैं। घुटना दुख रहा है क्या?"

 मी विचारले, तेच चालवत आहेत हे तुम्हाला कसे कळते?

ती म्हणाली, एकोणीस ठोके, मग थोडे थांबणे, आणि विसावा ठोका हलका. असे दुसरे कोणी करत नाही. आमच्या यंत्रानेसुद्धा आता हे उचलले आहे.

दादाचा डावा गुडघा लहानपणी मोडला होता. मागाची पायाखालची पायडी दाबून दाबून तो भरून यायचा, म्हणून विसाव्या ठोक्याआधी दादा क्षणभर थांबायचा. मी फोन ठेवला. तेव्हाही मी तिला सांगितले नाही.

मी दादाच्या खोलीत गेलो. शेडकडच्या दाराला मीच कुलूप घातले होते. माग होता तसाच होता, अर्धी साडी अंगावर घेऊन. दादाने टाकलेल्या शेवटच्या धाग्याजवळ, कापडाच्या काठाला, मी एक लाल दोरा बांधला. कापड वाढले तर दोरा आत जाईल.

पुढच्या सोमवारी तीनशे बहात्तर तास. दोरा जागच्या जागी. ठोके पडत होते आणि कापड एका धाग्यानेही वाढत नव्हते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी अडीचच्या सुमारास, मी शेडमध्ये सूत तोलत होतो. पाचही माग चालू होते. आधी एक थांबला, मग दुसरा. मला वाटले चहा आला. वर पाहिले तर पाचही जण हात मांडीवर ठेवून भिंतीकडे पाहत होते. पाच माग बंद होते आणि सहावा चालू होता.

सगळ्यांत म्हातारा विणकर हळूच म्हणाला, "मालक, आयकून राहिले ना?"

मी मोजले. सतरा, अठरा, एकोणीस. थांबला. मग हलका ठोका.

"मोठे मालकच होत ते," दुसरा म्हणाला. "गुडघा आजबी दुखते त्याहिचा."

कोणी हसले नाही. बोलणाराही नाही. बाहेर ऊन इतके होते की छपराचे पत्रे तडतडत होते. मी किल्ली काढली. कुलूप उघडून आत गेलो.

वहिनी दादाच्या फळीवर बसली होती. पाय मागाच्या खड्ड्यात, पायडीवर. धोटा बाजूला ठेवलेला. ती नुसतीच फणी ओढत होती आणि माझ्याकडे न पाहता तिने पूर्ण वीस संपवले. स्वयंपाकघराकडचे दार उघडे होते. रोजच्या पाच ठोक्यांसाठी ती तिथूनच आत यायची.

"वहिनी, हे काहून?"

"पाच ठोके मारले का हात थांबत नाही. मंग चालू देतो."

"तुम्ही तर कधी मागावर बसला नाहीत."

"चौतीस वर्सं या भिंतीच्या पल्याड सुताच्या कांड्या भरल्या भाऊजी. इकडं तो ठोकत होता, तिकडं माहा हात फिरत होता. एकोणीसवर थांबाचं, हे मले कोनं सांगा लागते का?" मग फणीवर हात ठेवून म्हणाली, "अन् तुमीच तेरवीच्या दिवशी म्हणून राहिले होते, एकोणचाळीस तास उरले. मी आयकलं होतं."

मी तिला थांबवले नाही. हेही लिहून ठेवतो.

चोवीस मार्चला चारशे तास पूर्ण झाले. त्याच दुपारी अधिकाऱ्यांचा फोन आला. आवाजात आनंद होता. "झालं ना तुमचं! दाखल्यावर सही करून पाठवा, पैसे सोडतो."

दाखल्यावर एकच ओळ होती: वरील चारशे तास नेमलेल्या कारागिराने स्वतः भरले. मी पेन उघडले आणि बंद केले. आठ फेब्रुवारीनंतरचे एकोणचाळीस तास मेलेल्या माणसाच्या नावावर लिहायचे होते. खाली सही माझी.

सही करायच्या आधी निदान खरा हिशेब मला स्वतःला माहीत असावा म्हणून मी नोंदी काढल्या आणि वहिनीसमोर बसलो. मी तारीख आणि वेळ वाचायचो, ती आठवून सांगायची. नळ आला त्या दिवशी उशिरा बसले, भरडा दळायला गेले त्या दिवशी थोडेच. नोंद आणि तिचे सांगणे, दोन्ही मिनिटामिनिटाला जुळत गेले. मग मी वाचले: दहा मार्च, अकरा वाजून दहा मिनिटे ते एक पन्नास.

वहिनीने बोटांवर दिवस मोजले.

"दहा मार्चले आपण सिहोऱ्याले होतो भाऊजी."

खरे होते. तिच्या भावाला बरे नव्हते. मीच तिला स्कूटरवर नेले होते, सकाळी नऊला निघालो आणि चारला परत आलो. बाजाराचा दिवस, शेड बंद. स्वयंपाकघराला बाहेरून कुलूप, शेडला कुलूप, दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात. दोन तास चाळीस मिनिटे.

"तुम्ही कधी धोटा टाकला का?" मी विचारले.

"हात नाही लावला. त्याचा धोटा होता तो."

आम्ही दोघे उठून आत गेलो. लाल दोरा पाहायचे मी गेल्या तीन आठवड्यांत सोडून दिले होते. दोरा काठावर नव्हता. तो हातभर आत गेला होता, आणि त्याच्यापुढे हातभर नवे कापड होते. बुट्ट्या सरळ, काठ घट्ट. दादा पावणेतीन तासांत साधारण एवढेच विणायचा. वहिनीने बोटाने धागे मोजले. एका जागी ती थांबली, तिथे बोट फिरवले आणि म्हणाली, "इथं हलका मारला."

मग ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बाहेर चला. इथं बोलू नका."

अंगणात येऊन मी करार काढला. सतरावे पान तिथे पहिल्यांदा पूर्ण वाचले. लिहिले होते: कारागिराचा मृत्यू झाल्यास तत्काळ कळवावे. पहिला हप्ता परत घेतला जाणार नाही, आणि दुसरा हप्ता झालेल्या तासांच्या प्रमाणात दिला जाईल. म्हणजे पाच माग विकायची वेळ कधी आलीच नव्हती. मात्र तत्काळ कळवायचे मी दीड महिना टाळले होते, आणि त्याचे ते काय करतील हे पानावर नव्हते.

मी अधिकाऱ्यांना आणि कंपनीला एकच पत्र लिहिले. तीनशे एकसष्ट तास माझ्या भावाचे. छत्तीस तास वीस मिनिटे त्याच्या पत्नीचे, धोट्याशिवाय. दोन तास चाळीस मिनिटे कोणाचे, ते मला माहीत नाही.

अधिकाऱ्यांचा लगेच फोन आला. "हे कायले लिहिता हो? पहिल्या दोन ओळी ठीक आहेत. तिसरी काढा. ऑडिटवाले मलाच विचारतील."

"आकडा जुळत नाही साहेब, ती काढली तर."

"बाकीचं तुमचं जुळलं का?"

"तेवढंच नाही जुळलं."

 ते म्हणाले, राहू द्या. उशिराबद्दल एक ताकीद आली, ती मी फाइलला लावली.

इंजिनिअरचे उत्तर दोन दिवसांनी आले. तिने दादाबद्दल दुःख लिहिले, आणि डबा ठोके मोजतो, माणूस विचारत नाही, म्हणून एकोणचाळीसही तासांची मजुरी देऊ असे लिहिले. सोबत यंत्रावर विणलेला रुमालाएवढा तुकडा पाठवला होता. वहिनीने तो उन्हात धरला, बोट फिरवले, एका जागी थांबली. मग तिने तो घडी करून मागाच्या खोलीत नेला.

योजनेकडून दुसऱ्या हप्त्याचे चार लाख सहा हजार एकशे पंचवीस रुपये कारखान्याच्या खात्यात आले. कंपनीकडून मजुरीचे पाच हजार आठशे पन्नास. त्यातले पाच हजार चारशे पन्नास वहिनीला दिले, तिची सही घेतली. उरलेले चारशे शनिवारी संध्याकाळी, न बोलता, फळीखालच्या डबीत ठेवून दादाला दिले.